माशांच्या खाद्यातील वनस्पतिजन्य पूरके : मात्रा आणि मर्यादा

मत्स्यसंवर्धनात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांच्या वापरास मनाई आहे. साहजिकच रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्यांचे लक्ष लसूण, हळद, तुळस, अश्वगंधा यांकडे वळते. ही दिशा योग्य आहे. मात्र ‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक’ ही समजूत तळ्यावर महागात पडू शकते.

मोहाचेच पाहा. विदर्भात मोहाची फुले खाल्ली जातात. बियांचे तेल काढून उरणारी पेंड मात्र माशांना विष आहे. तिच्यातील सॅपोनिन कल्ल्यांवाटे शरीरात शिरून तांबड्या रक्तपेशी फोडते. म्हणूनच बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील भक्षक मासे काढण्यासाठी, पाणी एक मीटर खोल असल्यास, हेक्टरी सुमारे २,५०० किलो पेंड वापरतात आणि विषारीपणा ओसरेपर्यंत साधारण तीन आठवडे थांबतात. कडुनिंबातील अ‍ॅझाडिरॅक्टिन किडींची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते, म्हणून आम्हा कीटकशास्त्रज्ञांना ते प्रिय. परंतु निंबोळी अर्काची मात्रा वाढली की तो माशांनाही बाधतो. अशी कित्येक रसायने वनस्पतींनी आपल्याला खाणाऱ्यांविरुद्धच घडविलेली असतात.

लसूण आणि हळद त्यामानाने सौम्य. तरी तयार करण्याची रीत महत्त्वाची. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसते. पाकळी ठेचल्यावर ते तयार होते आणि उष्णतेने नष्ट होते. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावा, शिजवू नये. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पूड थोड्या खाद्यतेलात कालवून खाद्यावर चोळल्यास ती तळ्यात लगेच सुटून वाया जात नाही.

तळ्यात १,००० किलो मासे असून वजनाच्या दोन टक्के खाद्य दिले जात असेल, तर रोजचे खाद्य २० किलो होते. एक टक्का हळद म्हणजे २०० ग्रॅम. सुरुवात त्याच्या निम्म्याने करावी. मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतेच करून सावलीत सुकवावे; दमट भुईमूग पेंडीवर बुरशी वाढली तर अफ्लाटॉक्सिनचा धोका निर्माण होतो. शक्य असल्यास एका तळ्यात पूरक न देता दोन्हींतील माशांचे वजन दर महिन्याला नमुना जाळे टाकून तपासावे. खर्च वसूल होतो की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

खाद्यातील पूरक हा प्रतिबंधाचा उपाय आहे. आजारी मासा खाणेच सोडतो, मग औषध पोटात जाणार कसे? पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर बहुधा प्राणवायू कमी पडला आहे. तेथे हवा देणारे यंत्र किंवा ताजे पाणी हवे. अर्ग्युलस, म्हणजे माशांवरील ‘ऊ’, हा कीटक नसून कवचधारी जीव आहे. त्याची मादी मासा सोडून दगड, बांबू, पाणवनस्पतींवर अंडी घालते. खाद्यातील लसूण त्या अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. तळ्यात फळ्या उभ्या करून, त्यांवर अंडी साचली की त्या बाहेर काढून उन्हात वाळवणे अधिक उपयोगाचे.

अचानक मरतुक सुरू झाल्यास घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नयेत. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो २०१३पासून जलचरांच्या रोगांवरील राष्ट्रीय निगराणी कार्यक्रमाचा समन्वय करते. मत्स्यपालकांना रोगाची माहिती थेट कळविता यावी म्हणून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅपही सुरू झाले. नोंद करताना विस्तार कार्यकर्त्यांनी मेलेल्या माशांच्या छायाचित्रांबरोबरच मागील पंधरवड्यात कोणती वनस्पती, किती ग्रॅम आणि किती दिवस दिली, हेही लिहून घ्यावे.