धानाचे गाव : देसाईगंज (वडसा)

(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी व पाचवी. शिक्षकांकरिता पाठ-टिपण)

बाजाराचे गाव म्हणजे काय, असे विद्यार्थ्यांस विचारले असता 'जेथे दुकाने असतात ते' असे उत्तर बहुधा मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ती दुकाने कशावर चालतात, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

उदाहरणादाखल वैनगंगेकाठचे देसाईगंज, म्हणजेच वडसा, घ्यावे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा रेल्वे स्थानक असलेले हे गाव नव्या जिल्ह्याच्या वाट्यास आले. त्याच लोहमार्गावरील नागभीड, सिंदेवाही व मूल ही गावे चंद्रपुरात राहिली. या सर्वांचा प्रपंच धानावर उभा आहे. आषाढ-श्रावणात बांधीत रोवणी होते, पाऊस ओढला तर मामा तलावाचे पाणी हाती येते, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. मग गाड्या गिरणीकडे वळतात.

येथे फळ्यावर एक हिशेब मांडावा. सरकारी भरडाईच्या प्रमाणानुसार एक क्विंटल धानाचे सुमारे ६७ किलो तांदूळ होतात. उरते ते तूस व कोंडा. तूस भट्टीत जळते, कोंड्यापासून खाद्यतेल निघते. शेतकऱ्याने धान विकले की या दोहोंवरचा त्याचा हक्क संपतो. त्यांची किंमत गावाच्या बाजारात फिरते. गावाची भरभराट व खेड्याची ओढाताण यांचा संबंध मुलांस येथे कळतो.

एका शाळेच्या भेटीत मी विचारले, "तुमचे धान कोठे जाते?" सर्वांनी गिरणीचे नाव घेतले. मागच्या ओळीतील एक मुलगी तेवढी म्हणाली, "आमचे दुकानदाराकडे जाते, गुरुजी. बाबांनी पोळ्यालाच पैसे आणले होते." पीक उभे असतानाच त्याचा भाव ठरला होता. आधारभूत किंमत व आदिवासी विकास महामंडळाची खरेदी केंद्रे पुस्तकातून सांगता येतात. पण उधारी पेरणीला लागते आणि केंद्र कापणीनंतर उघडते, ही अडचण त्या मुलीच्या वाक्यानेच वर्गास समजली.

धानाचा पैसा हाती आला की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशात नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावोगावची मंडळे तेथे येऊन प्रयोग ठरवितात आणि होळीच्या सुमारापर्यंत रात्ररात्र प्रयोग चालतात. नट, वादक, मंडपवाले, चहावाले अशा कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पीक बुडाले की नाटकेही घटतात. (नाटकाचा विषय काढताच वर्ग हमखास जागा होतो, हा स्वानुभव!)

स्वाध्याय म्हणून प्रत्येकाने आठवडी बाजारातील पाच विक्रेत्यांस त्यांचा माल कोठून येतो ते विचारून वहीत लिहावे. रोवणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलांकरिता हा पाठ कापणीनंतर पुन्हा घ्यावा, व त्या वेळी बांधीतील कामाचे वर्णन त्यांनाच करू द्यावे.