पोट सुटलंय, पण कशानं?

कळंबला माझं शिवणकामाचं दुकान आहे. टेप लावून मापं घेताना बायका जे बोलतात, ते डॉक्टरलासुद्धा सांगत नसतील. लगीनसराई जवळ आली की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "काकू, तुम्ही पुण्याला जाऊन पोट कमी करून आलात म्हणे. मी करू का?" तालुक्याच्या गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. प्रत्येकीला सुई हातात धरून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

माझं दुसरं बाळंतपण सिझरचं, त्याच वेळी बंद करायचं ऑपरेशनही झालेलं. त्यानंतर टाक्यांच्या वर जी वळकटी आली ती काही केल्या गेली नाही. मोबाईलवर जाहिरात दिसली: मोठी चीर नाही, लगेच कामावर. फोन उचलला तो गोड बोलणाऱ्या एका मुलीनं. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर पोटाचे फोटो मागवले आणि फोटो बघूनच लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, ठरलं. सर्जन भेटले ते थेट ऑपरेशनच्या सकाळी, पेननं पोटावर रेघा ओढायला.

ऑपरेशन बिघडलं असं मी म्हणणार नाही. चरबी ठरल्याप्रमाणे निघाली, टेप दीड इंचानं खाली आली. पण वळकटी तिथंच राहिली, उलट आतून रिकामी झाल्यानं जास्त लोंबायला लागली. आणि साडी नेसून बाजूनं आरशात पाहिलं, तर पोट पहिल्यासारखंच पुढं. कारण पुढं आलं होतं ते चरबीनं नव्हतंच. बाळंतपणात पोटाचे मधले दोन स्नायू एकमेकांपासून लांब गेले होते आणि ते तसेच राहिले होते. हे मला कळलं नंतर, धाराशिवच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून. त्यांनी काय केलं? मला झोपवलं आणि पोटावर हात ठेवला. तोवर कुणी ठेवला नव्हता.

ब्लाऊज अंगावर बसत नसेल तर दोष कापडात आहे, अस्तरात आहे की शिलाईत, हे बघितल्याशिवाय मी उसवत नाही. पोटाचंही तेच. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग स्नायू, आणि स्नायूंच्या आत आतड्यांभोवती आणखी चरबी. लायपोसक्शन यातल्या एकाच थरापर्यंत पोचतं, कातडीखालच्या चरबीपर्यंत.

घरी करता येण्यासारखी तपासणी सांगते. उताणं झोपा, गुडघे वाकवा, बोटं बेंबीच्या जरा वर मधोमध ठेवा आणि डोकं थोडं उचला. दोन बोटांपेक्षा जास्त रुंद खड्डा लागला तर स्नायू फाकलेले असण्याची शक्यता मोठी. त्यावर आधी व्यायाम, तोही शिकवून घेतलेला. मनानं पोटाचे व्यायाम करत सुटलात तर फुगवटा वाढूही शकतो. आता उभं राहून पोट चिमटीत धरा. जे चिमटीत येतं ते कातडी आणि तिच्याखालची चरबी. पोट मोठं आहे, पण टणक आहे आणि चिमटीत फारसं येत नाही, तर चरबी आत आहे. तिथं कुठल्याही सर्जनची नळी जात नाही. त्याला ताट आणि चालणं हाच इलाज. खोकल्यावर बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यापाशी गोळा येत असेल तर हर्निया असू शकतो. तेव्हा जाहिरात बाजूला ठेवा, जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा आणि सर्जनना दाखवा.

लोंबती कातडी काढायची आणि स्नायू शिवून जवळ आणायचे, तर त्या ऑपरेशनला टमी टक म्हणतात. ते मोठं असतं. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो, आणि कित्येक आठवडे घागर, गॅसची टाकी, कडेवरचं पोर, काहीही उचलायचं नाही. ज्यांनी तीस-चाळीस किलो वजन उतरवलंय आणि कातडीच्या घडीत सारखी खाज-जखम होते, त्यांच्यासाठी ते वरदान आहे. वजन निदान सहा महिने एका जागी टिकलेलं हवं आणि पुढं मूल नको असावं, नाहीतर केलेलं वाया.

"शुगरपण कमी होईल ना?" हा दुसरा प्रश्न. नाही होत. 2004 साली अमेरिकेत 15 लठ्ठ बायकांच्या पोटावरची सरासरी नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शननं काढून पाहिली. काही महिन्यांनी तपासलं तर शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा नव्हती. वजन उतरवायचं हे ऑपरेशनच नव्हे. आणि ते किरकोळही नव्हे. मे 2022 मध्ये बंगळूरूला चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली.

आता आपल्याकडची एक गोष्ट, जी शहरातल्या फॉर्मवर नसते. तिथं विचारतात, स्मोकिंग? आपल्याकडची कुठली बाई हो म्हणेल? पण पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावणाऱ्या आपल्यात किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि टमी टकमध्ये सोडवून ओढून बसवलेल्या कातडीला रक्त कमी पडलं तर ती काळी पडून मरू शकते. निदान महिनाभर आधी आणि नंतर जखम भरेपर्यंत मिश्री बंद हवी. जाऊबाई शेजारी बसलेल्या असल्या तरी डॉक्टरला सांगा. हिमोग्लोबिनही आधी बघून घ्या. आपल्याकडं बायकांच्या अंगात रक्त कमी असणं नवीन नाही.

पैशाचं थोडक्यात. नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला विमा मिळत नाही, वर 18 टक्के जीएसटी लागतो. फोनवर सांगितलेल्या आकड्यात तो धरलाय का, विचारा. डॉक्टरच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी शोधा. नुसत्या 'कॉस्मेटॉलॉजी' सर्टिफिकेटवर पोट उघडू देऊ नका. भूल कोण देणार, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हेही विचारा. विचारताना लाज वाटते, मलाही वाटली होती. पण 2019 साली शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, विधिमंडळापर्यंत गेलं. ऑपरेशन वेगळं, पण डॉक्टर म्हणाले म्हणून मान डोलवायची सवय तीच.

सगळ्यात कमी विचार होतो तो परतीच्या वाटेचा. पुण्याहून कळंब म्हणजे चार-पाच तास गाडीत पाय दुमडून बसणं. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, ती अशा प्रवासानं वाढते. पोटरी सुजून दुखली किंवा एकाएकी दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा. मला तसं काही झालं नाही. घरी आल्यावर पोटाला बांधलेल्या पट्ट्याखाली, कातडीच्या आत पाणी साठलं, एवढंच. कूस बदलली की आत पाणी हिंदकळायचं. सर्जनच्या दृष्टीनं साधी बाब, सुईनं काढून टाकतात. पण गावातले डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्याची केस आहे, मी हात लावणार नाही." पुण्याच्या नंबरवर तीच गोड मुलगी "सरांना कळवते" म्हणत राहिली. शेवटी भाचा गाडी करून घेऊन गेला.

म्हणून फोटो पाठवायच्या आधी, पैसे भरायच्या कितीतरी आधी, एक प्रश्न विचारा: "मी गावी गेल्यावर पाणी झालं, ताप आला, तर धाराशिवला, लातूरला किंवा सोलापूरला मला कोण बघणार?" डॉक्टरचं नाव आणि नंबर कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर पर्स उचला आणि स्वारगेटला येऊन आपली कळंबची गाडी पकडा.