फौजीच्या बायकोनं आधी कागद जमवावेत

फौजीशी कोर्टात भांडणाऱ्या बाईला आमच्या सातारा भागात सगळे एकच विचारतात: तो तिकडे सीमेवर उभा आहे आणि तू त्याला कोर्टात ओढतेस? मला हे चुलत सासऱ्यांनी विचारलं, गावातल्या माजी सैनिकांनी विचारलं, सख्ख्या मावशीनंही विचारलं. दावा मी लावलेला नव्हता. नवऱ्यानं लावला होता, जबलपूरला, हिंदीत. पण एवढं ऐकून घ्यायलाही कुणी थांबत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते. जिच्यावर ही वेळ येईल तिला तरी उपयोग होईल.

आमचं शेवटचं फॅमिली क्वार्टर जबलपूरला. तिथून त्याला फील्ड पोस्टिंग आलं आणि मी मुलीला घेऊन सासरी आले. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, शेत, मुलीची शाळा, सगळं मी बघितलं. मग पैसे कमी यायला लागले, फोन कमी झाले. मधलं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी घडलंय त्यांना ते सांगावं लागत नाही.

त्या वर्षी गणपतीत तो रजेवर आला. आरतीला माझ्या शेजारी उभा राहिला. मुलीला बाजारात नेऊन शाळेचे बूट घेतले. जाताना आईला म्हणाला, "हिला जप." दिवाळीच्या तोंडावर समन्स आलं. मी ओसरीवर बसून हिंदी शब्दाला शब्द लावत अर्ज वाचला. पत्नी दोन वर्षांहून जास्त काळ पतीला सोडून राहते, वृद्ध सासूला विचारत नाही, सबब क्रूरता आणि परित्याग. आरोप वाचून राग आला, पण खरा घाव शेवटच्या पानावर होता. सहीखालची तारीख आषाढातली होती. म्हणजे सही करून तो गणपतीला घरी आला होता. आरतीत उभा होता तेव्हा त्याला ठाऊक होतं. बूट घेताना ठाऊक होतं. रात्री माझ्याशी मुलीच्या शाळेच्या फीचं बोलत होता तेव्हाही ठाऊक होतं. आणि ज्यांना मी विचारत नाही असं कागद म्हणत होता, त्या सासूबाई आतून मला चहा ठेव म्हणून हाक मारत होत्या. तेव्हा मला उमगलं की ती रजा आमच्यासाठी नव्हतीच. तयारी पुरी होईपर्यंत मला संशय येऊ नये, एवढ्यासाठी तो आला होता.

आता कायद्याचं. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न लागलं तिथं, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथं किंवा समोरचा पक्ष राहतो तिथं दावा लावता येतो. क्वार्टर जबलपूरला होतं, त्यामुळे त्याचा दावा तिथं बसत होता. 2003 पासून बायकोला मात्र ती स्वतः राहते त्या गावच्या कोर्टातही जाता येतं. ही सोय फक्त बायकोला आहे. दुसऱ्या राज्यातला दावा आपल्याकडे आणायचा तर अर्ज थेट सुप्रीम कोर्टात करावा लागतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली. हायकोर्टाला राज्याबाहेरचा दावा ओढून आणता येत नाही. ऐकून माझे हातपाय गळाले होते, पण बायकांच्या बदली अर्जाकडे सुप्रीम कोर्ट बहुधा सहानुभूतीनं बघतं, आणि वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटच नाही. खिडकीवर कुणी दाखला मागितला तर हे कलम दाखवा.

माझ्या पहिल्या वकिलांनी पोटगीसाठी त्याच्या पगारावर जप्ती मागितली. अर्ज फेटाळला गेला. आर्मी अॅक्ट 1950 चं कलम 28 सांगतं की सैनिकाचा पगार आणि भत्ते दिवाणी कोर्टाच्या हुकमानं जप्त होत नाहीत. फौजीच्या बायकोची केस घेणाऱ्या वकिलाला हे एक कलम माहीत नसावं याचा मला आजही संताप येतो. वेळ गेला, फी गेली.

पण त्याच कायद्यात दुसरा दरवाजा आहे आणि तो मला कोणीच दाखवला नाही. अधिकाऱ्यांसाठी कलम 90, बाकी सैनिकांसाठी 91. बायको-मुलांचा सांभाळ न करणाऱ्याच्या पगारातून लष्करच परस्पर रक्कम कापून बायकोच्या खात्यात पाठवू शकतं. 2001 च्या आर्मी ऑर्डरप्रमाणे बायकोला पगार-भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, सगळं मिळून 33 टक्क्यांच्या वर नाही. त्यासाठी कोर्टाचा निकाल लागत नाही. युनिटच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांच्या नावे साधा अर्ज, रजिस्टर पोस्टानं, आणि एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला. नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघते, त्याचं उत्तर येतं, कागद वर जातो, हुकूम होतो. महिने जातात, पण कोर्टापेक्षा लवकर होतं. "आर्मी नवऱ्याचीच बाजू घेते" म्हणणाऱ्यांनी मला उगाच घाबरवलं होतं.

अर्जात त्याचा आर्मी नंबर, रँक, युनिट, स्वतःच्या खात्याचा तपशील आणि पैसे कधीपासून बंद झाले हे पासबुकाच्या झेरॉक्ससकट लिहा. रडगाणं लिहू नका. सिद्ध होईल तेवढंच लिहा, आणि हे मी फार गंभीरपणे सांगतेय. 2021 मध्ये जॉयदीप मजुमदार यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं एका लष्करी अधिकाऱ्याला घटस्फोट दिला, कारण बायकोनं वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारींनी त्याच्या नोकरीचं आणि नावाचं नुकसान झालं, ही मानसिक क्रूरता ठरली. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मला "बाहेरख्याली आहे, दारू पितो, सगळं लिही" म्हणून सांगितलं होतं. ते ऐकलं नाही हे बरं झालं. पोटगी मागणं म्हणजे बदनामी नव्हे, पण पुराव्याशिवाय चारित्र्यावर लिहिलेली एक ओळ पुरी केस फिरवू शकते.

लष्कराकडून होणारी कपात हा शेवटचा आकडा धरू नका. कोर्ट परिस्थिती बघून जास्तही देऊ शकतं, म्हणून पोटगीचा अर्ज आपल्या गावच्या कोर्टात त्याच वेळी घाला. जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. नागपूरच्या फॅमिली कोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या रजनीश विरुद्ध नेहा खटल्याचा 2020 चा निकाल वकिलाला आठवणीनं वापरायला लावा. त्या निकालामुळे दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात. प्रतिज्ञापत्रात माझ्या नवऱ्यानं हातात येणारा पगार एवढासा दाखवला. पे स्लिप मागवली तेव्हा दिसलं की त्यानं फंडातली कपात वाढवून घेतली होती आणि वर पर्सनल लोन काढलं होतं. स्वतःच्या मर्जीनं वाढवलेली ही कपात पगारातून वजा धरू नका, असा अर्ज द्यावा लागतो. पे स्लिपची प्रत्येक ओळ वाचा. न समजलेली ओळ एखाद्या निवृत्त सुभेदाराकडून समजून घ्या.

तारखांचं तर विचारूच नका. स्वतःच्या दाव्यासाठी त्याला जबलपूरला जायला रजा मिळायची. माझ्या पोटगीच्या तारखेला मात्र "साहेब फील्डला आहेत". इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट 1925 खाली युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या सैनिकाचं काम कोर्ट थांबवू शकतं. ते योग्यच आहे. बंकरमधल्या माणसाविरुद्ध एकतर्फी निकाल होऊ नये. पण त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, वकिलाचं तोंडी सांगणं पुरत नाही. प्रमाणपत्र मागा, आणि तोवर अंतरिम पोटगी मागा. मी मागितलं तेव्हा पुढच्याच तारखेला माणूस हजर झाला.

सगळ्यात मोठं भान ठेवायचं ते त्याच्या निवृत्तीचं. शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन लागू होते, म्हणजे माणूस तरुणपणीच बाहेर पडू शकतो. डिस्चार्ज झाला की तो आर्मी अॅक्टखाली राहत नाही आणि पगारातली कपात तिथंच थांबते. पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग तो विकून एकरकमी घेऊ शकतो, ग्रॅच्युइटी आणि फंड वेगळा. ते पैसे भावाच्या नावावर गेले की शोधत बसा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खालच्या कायमच्या पोटगीची मागणी त्याच्या निवृत्तीच्या आधी कोर्टासमोर असली पाहिजे.

आणि घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी काय जातंय ते बघा. कॅन्टीन कार्ड, ईसीएचएसचा दवाखाना आणि उद्या त्याचं बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शन, हे सगळं बायको म्हणून असतं. घटस्फोटितेला त्यातलं काही राहत नाही. न्यायिक विभक्तीत लग्न कायम राहतं, हा पर्याय वकील आपणहून सांगत नाहीत. त्याच्याकडून मला "परस्पर संमतीनं मोकळं होऊ" असा निरोप आला, मध्यस्थ तेच चुलत सासरे. संमतीच्या घटस्फोटात दुसऱ्या अर्जाच्या वेळेपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून रकमेचा डीडी कोर्टात जमा झाल्याशिवाय दुसरी सही करायची नाही असं मी ठरवलं आणि तसंच केलं. चुलत सासरे त्यावर म्हणाले, बाई पैशाची आहे. असू दे. पैसे माझ्या मुलीचे होते.

मुलांचे हक्क आईबापांच्या घटस्फोटानं जात नाहीत, पण नोंद नीट हवी. मुलाचा जन्म लष्कराच्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरला, चढलाय का, नाव दाखल्याप्रमाणे आहे का, हे लग्न टिकून असतानाच बघून घ्या. माझ्या मुलीचं नाव जन्मदाखल्यावर एक आणि रेकॉर्डला दुसरं निघालं. दुरुस्तीचा अर्ज बापाकडून यावा लागतो असं मला सांगण्यात आलं, आणि त्याला दोन ओळी लिहायला वेळ नाही. तेवढ्यासाठी आता पुन्हा कोर्टात अर्ज दिला आहे. तारीख वैशाखातली पडलीय.