भुई, फरशी आणि सफाईचे शब्द

‘जमीन स्वच्छ करा’ हें वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरें असलें, तरी सफाई करणाऱ्यास तें अपुरें होय. जमीन कोणती, तिच्यावर काय पडलें आहे, ती झाडावयाची, टिपावयाची कीं घासावयाची, हें आधीं कळलें पाहिजे.

मातीच्या घरांत भुई प्रथम चोपीत व मग शेणकाल्यानें सारवीत. पोपडे सुटले कीं ते काढून पुन्हां सारवण. सारवावयाच्या फडक्यास पोतेरें म्हणत. घरांतील बारीक केरासाठीं शिंदीच्या पानांची केरसुणी, अंगणासाठीं नारळाच्या हिरांचा खराटा. लक्ष्मीपूजनास केरसुणी पूजिली जाते. बिचाऱ्या खराट्यास तो मान नाहीं!

आपल्या टेमघरच्या आसपास, भिवंडींत, यंत्रमाग पुष्कळ. तेथील जमिनीवर सुताचे बारीक तंतू पडतात. कोरड्या झाडूनें झटकले तर ते उडून श्वासावाटे छातींत जातात, आणि अशा धुळींत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांस फुप्फुसाचा विकार जडतो. म्हणून तेथें झटकणें नको. ओलसर फडक्यानें किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रानें केर उचलावा. सांडलेलें तेल मात्र आधीं लाकडाच्या भुशानें टिपावें. पुसल्यास तें पसरतें, आणि माणूस घसरतो.

‘फर्श’ हा शब्द अरबींतून फारसीमार्गें आपल्याकडे आला. शहाबादी फरशीला कर्नाटकांतील शहाबाद गांवाचें नांव आहे, आणि ती चुनखडीच्या दगडाची असते. तिच्यावर तेजाब, म्हणजे बाजारांतील अ‍ॅसिड, ओतलें कीं फेस येतो व पाहणाऱ्यास वाटतें, मळ निघाला. वस्तुतः दगडच विरघळत असतो! फरशी खडबडीत होते आणि पुढें अधिकच मळ धरते. मोझेइक लादींत संगमरवराचे तुकडे सिमेंटांत बसविलेले असतात. तिचीही तीच गत. साबणाचें पाणी, ब्रश व नंतर स्वच्छ पाणी, एवढें दोघींस पुरे.

याहून मोठा धोका मिश्रणाचा. ब्लीचिंग पावडर व अ‍ॅसिड एकत्र आलीं कीं क्लोरिन वायु सुटतो. पाणी निर्जंतुक करण्यास हाच क्लोरिन मोजून वापरतात. परंतु बंद न्हाणीघरांत तो घसा व छाती जाळतो. असा उग्र वास येतांच काम टाकून मोकळ्या हवेंत जावें. पहिलें द्रव्य भरपूर पाण्यानें धुऊन गेल्यावांचून दुसरी बाटली उघडूं नये. बाटल्यांवरील सूचना पुष्कळदां इंग्रजींत असतात. घरीं किंवा शाळेंत सफाई करणाऱ्या मावशींना त्या विद्यार्थ्यांनीं मराठींत वाचून दाखवाव्या.