बोलता न येणाऱ्या मुलीच्या हाती टॅब द्यावा का?

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. समजतं सगळं, बोलता येत नाही. तिच्या विशेष शाळेत आता तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग सुरू होतोय. टॅबची सवय लागून उरलीसुरली बोलण्याची धडपडही थांबेल का?
– एक आई

उत्तर : नाही. चित्रांवर बोट ठेवलं की बोलणाऱ्या साधनांमुळे वाचा खुंटते, असं संशोधनात आढळलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं. मनातलं पोहोचत नसल्याने होणारा त्रागाही कमी होऊ शकतो.

मात्र विभागाचा फायदा यंत्रांत नाही, माणसांत आहे. टॅब काय, कुणीही विकत आणेल! बोट स्थिर राहत नसेल तर टॅब चालवणारा स्विच हाताशी लावायचा की डोक्याशी, बसण्याची ढब कशी हवी, पडद्यावर चित्रं चार ठेवायची की सोळा, हे वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वर्गशिक्षिका यांनी मिळून ठरवायचं असतं. वर्षभर बदलतही राहायचं असतं.

भाषेचंही बघा. शाळेत इंग्रजी-कन्नड, घरी मराठी. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीतही बोलतं. आजीशी भांडायला तेच बरं!

साधन संगणक-तासापुरतं कपाटातून निघणार असेल, तर विभाग नावापुरताच समजा. ते रोज दप्तरातून घरी येईल का, हे मुलीला विभागात घालण्याआधी शाळेला विचारा.