रोजच्या पिण्याला बाटलीतले पाणी की नळाचे?



उन्हाळा जवळ आला की आमच्या कार्यालयात एक विचारणा हमखास येते: “पाड्यांवर पाण्याचे हाल आहेत असे कळले. आमची मंडळी बाटलीबंद पाण्याचे खोके पाठवू इच्छिते. चालेल का?” या विचारण्यामागची कळकळ खरी असते, म्हणून नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही. रोज प्यायला बाटलीतले पाणी चांगले की नळाचे, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. या अंकाचा पाठ त्यासाठी आहे. तो महिला मंडळात किंवा तरुण संघात एकत्र वाचावा.

१. बाटलीत काय असते?

आपण कोणत्याही बाटलीला ‘बिसलेरी’ किंवा ‘मिनरल वॉटर’ म्हणतो. पण बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे छापलेले असते. म्हणजे बोअरवेलचे, नळाचे किंवा दुसऱ्या एखाद्या स्रोताचे पाणी गाळून, शुद्ध करून, जंतू मारून भरलेले. त्याचे भारतीय मानक आय.एस. १४५४३. नैसर्गिक खनिज पाणी वेगळे. त्याचे मानक आय.एस. १३४२८ असून ते बरेच महाग असते.

मानक पाळून भरलेली, सील न तुटलेली बाटली पिण्यास सुरक्षित असते. घेताना सील, भरल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा. मात्र लग्नात आणि सभांना येणारे २० लिटरचे थंड जार पुष्कळदा सीलशिवाय, कोणत्याही खुणेशिवाय येतात. पाणी कुठले, जार कधी धुतला, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. त्याला बाटलीबंद पाणी समजू नये.

आणखी एक गोष्ट. २०२४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना तिथल्या बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २,४०,००० प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आढळले. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. घाबरून जायला नको, पण बाटलीतले म्हणजे निर्मळच, हा समज सोडायला हवा.

२. नळाला काय येते?

पिण्याच्या पाण्याचे आपल्या देशातील मानक आय.एस. १०५०० आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातून येणारा ई-कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि फ्लोराइड शक्यतो १ मिलिग्रॅमच्या आत. नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. क्लोरीनचा वास पुष्कळांना आवडत नाही. पण वाटेत किंवा हंड्यात शिरलेल्या जंतूंशी तोच लढतो.

नळाचा दोष बहुधा वाटेत असतो. पाणी दिवसातून तासभरच सोडले की उरलेल्या वेळी नळवाहिनी रिकामी राहते आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. इमारतीची टाकी वर्षानुवर्षे धुतली नसेल तर शुद्ध केलेले पाणीही तिथे बिघडते. म्हणून शहरात राहणाऱ्यांनी बाटल्या लावण्याआधी आपल्या सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारावे.

मुंबईच्या वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार शहरात आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा ही उरलेली पाच धरणे शहराबाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. ते पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन घरोघरी येते. ज्या शहापूर-मोखाड्याच्या परिसरातून ते उतरते, तिथल्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

३. खर्चाचा हिशेब

पाच माणसांच्या कुटुंबाला प्यायला दिवसाला सुमारे १५ लिटर पाणी लागते, असे धरू. २० रुपये लिटरने त्याचे ३०० रुपये होतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका माणसाची दिवसभराची मजुरी घरच्या नुसत्या पिण्याच्या पाण्यात संपेल. बारा बाटल्यांचा एक खोका अशा कुटुंबाला एक दिवसही पुरत नाही. वर रिकाम्या बाटल्या ओढ्यात जातात, त्या वेगळ्याच.

४. पाड्यावर काय दिसते?

एका पाड्यावर जुलाब झालेल्या नातवासाठी आजीने एस.टी. स्टँडवरून पाण्याची बाटली आणवली होती. मी गेले तेव्हा बाटली भरलेलीच दिसली.

“आजी, हे विकतचंच पाणी का?”

“ते संपलं, ताई. आता झिऱ्याचं भरलंय. पण बाटली चांगली हाय ना.”

झिरा म्हणजे ओढ्याच्या पात्रात पाण्यासाठी खणलेला खड्डा. आजीची माया खरी होती, आणि बाटलीवरचा विश्वासही. शहरातून येणारे सगळे बाटलीच पितात, मग बाटलीत काही गुण असणार, हे तिने आपल्याकडे पाहूनच ताडले होते. त्या दिवशी आशाताईंनी तिला उकळून गार केलेल्या पाण्यात ओ.आर.एस. करून दाखवले. उरलेले पाणी कसे झाकायचे तेही दाखवले.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. आपण पाड्यावर जातो तेव्हा घरची बाई आधी पाण्याचा तांब्या पुढे करते. आपण ‘नको’ म्हणतो आणि पिशवीतली बाटली काढतो. पोटाची काळजी चुकीची नाही. पण तिला कळते की तिचे पाणी आपल्याला चालत नाही, आणि तेच पाणी तिची लेकरे रोज पितात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. ज्या लोकांशी यहूदी संबंध ठेवत नसत, त्यांच्यातल्या बाईच्या भांड्यातून प्यायला तो तयार होतो.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांची एक रीत आहे. ज्या घरी पाण्यात औषध टाकलेले असते, तिथे आम्ही तेच पाणी पितो. नसेल तर हंड्यात मेडिक्लोरचे थेंब बाटलीवरील सूचनेप्रमाणे टाकतो, अर्धा तास गप्पा मारत बसतो आणि मग घरच्यांबरोबर त्याच हंड्यातले पितो. त्या अर्ध्या तासात शिकवणे आपोआप होते.

५. मग करावे काय?

• पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि गाळून घ्यावे. मग चांगली खळखळ उकळी आणावी किंवा क्लोरीनचे औषध टाकून अर्धा तास थांबावे.
• हंडा झाकलेला असावा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये.
• गावच्या विहिरीत १,००० लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात टी.सी.एल. पावडर पडते का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारावे. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे.
• एच.टू.एस. चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर मैल्याचा संसर्ग असावा.
• उकळल्याने फ्लोराइड जात नाही. बोअरवेलच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.
• १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या पाड्याचा नळ कागदावर आहे की दारात, हे ग्रामसभेत विचारावे.

बाटलीबंद पाण्यालाही जागा आहे. पूर आला, विहीर दूषित झाली, साथ पसरली किंवा प्रवासात स्वच्छ पाण्याची खात्री नसली, तर ते जरूर घ्यावे. संकट टळेपर्यंत त्याचा उपयोग होतो. रोजच्या पिण्याची सोय मात्र त्यातून होणार नाही.

तेव्हा खोके पाठवू इच्छिणाऱ्या मंडळींना आमचे उत्तर असे: आपले मन आम्हांला हवे आहे, बाटल्या नकोत. त्याच पैशांत तोटीच्या झाकणबंद टाक्या, क्लोरीनचे औषध आणि पाणी तपासणीचे साहित्य द्यावे. खोका दिवसभरात संपतो, तोटीची टाकी त्या घराला कित्येक उन्हाळे पुरते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंदिराची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?
२. मंडळीच्या कार्यक्रमानंतर किती अर्धवट बाटल्या उरतात? स्वच्छ पिंप आणि धुतलेले पेले ठेवता येतील का? ती जबाबदारी कोण घेईल?
३. आपल्या नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते? तिथल्या लोकांना प्यायला पाणी आहे का?
४. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी यजमानांबरोबर तेच पाणी पिता यावे, यासाठी आपण काय करू शकतो?

आपल्या गटात काय ठरले ते आम्हांला जरूर कळवा. पावसाळ्याआधी ज्या पाड्यांवर टाक्या बसवायच्या आहेत, त्यांची यादी करण्याचे काम सुरू आहे.