सरोवरांतील नौकाप्रवास व त्याचें गणित

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत, कॅनडाच्या सीमेलगत, 'बाउंडरी वॉटर्स' नांवाचें एक विस्तीर्ण अरण्य आहे. त्याचें क्षेत्र १० लक्ष एकरांहून अधिक असून त्यांत हजारावर सरोवरें आहेत. १९६४ सालच्या कायद्यानें त्यास संरक्षण मिळालें व १९७८ सालच्या कायद्यानें तें अधिक दृढ झालें. येथील प्रवास कॅनू नांवाच्या हलक्या, निमुळत्या होडींतून करावयाचा असतो. ओजिब्वे लोक ही होडी भूर्जाच्या सालीची करीत. आपल्या देशांत ज्या सालीवर प्राचीन ग्रंथ लिहिले गेले, तिच्याच कुळांतील हें झाड होय.

एक सरोवर संपलें म्हणजे दुसऱ्यापर्यंत होडी खांद्यावर व सामान पाठीवर घेऊन पायीं जावें लागतें. या वाटेस 'पोर्टेज' म्हणतात. तिची लांबी 'रॉड' या मापानें सांगतात. १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, सुमारें एका होडीएवढें अंतर; ३२० रॉडांचा १ मैल होतो. पूर्वीं केसाळ कातड्यांचा व्यापार चाले, तेव्हां नावाडी ९० पौंडांचीं दोन गाठोडीं एकदम पाठीवर घेऊन साडेआठ मैलांचें 'ग्रँड पोर्टेज' चालत. आपणांस तें सामर्थ्य नाहीं. म्हणून आपण बुद्धि वापरली पाहिजे.

पुढील गणित लक्षांत घ्या. समजा, एका दिवशीं १६ किलोमीटर वल्हवावयाचें आहे, व वाटेंत पांच पोर्टेजें मिळून २ किलोमीटर अंतर आहे. ताशीं ४ किलोमीटर या वेगानें वल्हविण्यास ४ तास लागतील. प्रत्येक पोर्टेजच्या दोन्ही टोंकांस सामान उतरविण्यास व भरण्यास मिळून पाव तास धरला, तर सवा तास होतो. आतां चालण्याचें पाहूं. सर्व सामान एका खेपेंत गेलें, तर २ किलोमीटरच चालावें लागेल. दोन खेपा झाल्या तर मधल्या रिकाम्या परतीसह ६, आणि तीन खेपा झाल्या तर १० किलोमीटर! ताशीं ३ किलोमीटर चालल्यास अनुक्रमें ४० मिनिटें, २ तास व ३ तास २० मिनिटें लागतील. म्हणजे पहिला संघ सुमारें ६ तासांत मुक्कामास पोंचेल, तर तिसऱ्यास साडेआठ तासांहून अधिक वेळ लागेल. आणि जेवण व विश्रांति धरल्यास संध्याकाळ होईल. अनावश्यक वस्तूचें खरें वजन हें असें असतें.

तेथील नियमही आंखणींत धरावे लागतात. एका संघांत ९ हून अधिक माणसें व ४ हून अधिक होड्या चालत नाहींत. १ मे ते ३० सप्टेंबर या काळांत रात्रीच्या मुक्कामासाठीं मर्यादित परवाने मिळतात, व त्यांवर प्रवेशाचें स्थळ व दिवस नेमलेला असतो. अन्नाचे पत्र्याचे डबे व कांचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे. म्हणून कोरडा शिधा घ्यावा. काळीं अस्वलें असल्यामुळें तो रात्रीं झाडास उंच टांगावा किंवा अस्वलास न उघडणाऱ्या पेटींत ठेवावा.

नकाशा व होकायंत्र प्रत्येक होडींत असावें, कारण बेटें व खाड्या एकसारख्याच दिसतात. मोठें सरोवर सकाळीं, वारा वाढण्यापूर्वीं, कांठाकांठानें ओलांडावें. पाणी थंड असतें. म्हणून तरंगण्याचें जाकीट अंगांतच असावें, होडींत पडलेलें नको. वादळी दिवसासाठीं एक दिवस शिल्लक ठेवावा, व परतण्याची तारीख घरीं लिहून द्यावी. ज्यास परतीचा दिवस चुकवावयाचा नसतो तोच वादळांत होडी लोटण्याचा मोह धरतो. शिलकीचा दिवस त्या मोहापासून वांचवितो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दिवसाचें अंतर बळकटाच्या नव्हे, तर संघांतील सर्वांत अशक्त सोबत्याच्या शक्तीवरून ठरवावें. अरण्यांत एक थकला म्हणजे सर्वच थांबतात.

मुलांनीं आतां घरीं हेंच गणित ३ किलोमीटरांच्या पोर्टेजांसाठीं करून पाहावें, आणि उत्तर काढल्यावर आपल्या पिशवींतून कोणती वस्तु प्रथम काढाल, तें वडिलांस सांगावें.